नांवाची किंमत

साहसकथा वाचावी ती करमणुकीसाठीं आणि इतिहास वाचावा तो ज्ञानासाठीं, अशी वांटणी आपण नकळत करून ठेविलेली असते. रॉबर्ट कुर्सन या अमेरिकन लेखकाचें २००४ सालीं प्रसिद्ध झालेलें 'शॅडो डायव्हर्स' हें पुस्तक ही वांटणी मोडूं पाहतें. तें त्याला कितपत साधलें, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

कथानक घडलेलें आहे. १९९१ सालीं न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून सुमारें ६० मैलांवर, अटलांटिक महासागरांत, जॉन चॅटरटन व त्याचे सोबती यांना सुमारें २३० फूट खोलीवर दुसऱ्या महायुद्धांतील एक जर्मन पाणबुडी आढळली. त्या जागीं अशी पाणबुडी बुडाल्याची नोंद कोणत्याहि सरकारी दप्तरांत नव्हती. तिचें नांव शोधून काढण्यास या पाणबुड्यांना सहा वर्षें लागलीं.

समुद्रतळाचें वर्णन हा या पुस्तकाचा सर्वांत सरस भाग होय. त्या खोलीवर दाब पृष्ठभागावरील दाबाच्या आठपट असतो. पाठीवरील नळकांड्यांतील हवा श्वासावाटें घेतली, तर तींतील नायट्रोजन मद्याप्रमाणें बुद्धीवर झांपड आणतो. शिवाय तो रक्तांत मुरतो, आणि मनुष्य घाईनें वर आला तर त्याचे बुडबुडे होऊन प्राणावर बेततें. म्हणून तळाशीं थोडीं मिनिटें काम करून वर येतांना टप्प्याटप्प्यावर बराच वेळ थांबावें लागतें. पाणी थंड व अंधारें. पायाचा एक धक्का लागतांच गाळ उसळून दार दिसेनासें होतें. या शोधांत तीन पाणबुडे प्राणांस मुकले; त्यांपैकीं दोघे पितापुत्र होते. लेखक हें सारें अशा हातोटीनें सांगतो कीं, समुद्र न पाहिलेल्या वाचकाचाहि श्वास कोंडावा.

परंतु पुस्तकाचें खरें मोल याहून निराळें आहे. आरंभींच एक सुरी सांपडली. तिच्या मुठीवर 'होरेनबुर्ग' असें नांव कोरलेलें होतें. कागदपत्रें पाहतां तो मनुष्य यू-८६९ या पाणबुडीवर होता, आणि ती तर १९४५ च्या फेब्रुवारींत आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ बुडाल्याचें नमूद होतें! पुढें युद्धकालीन कागदांवरून कळलें कीं, तिला प्रथम अमेरिकेच्या किनाऱ्याकडेच धाडलें होतें, आणि मार्ग बदलण्याचा हुकूम तिला बहुधा पोंचलाच नाहीं. अनुमान जवळजवळ पुरें झालें होतें. तरी शोधकांचें समाधान झालें नाहीं. १९९७ च्या ऑगस्टमध्यें चॅटरटननें सुट्या भागांची एक पेटी वर आणली. तिच्या पट्टीवर 'यू-८६९' ही अक्षरें होतीं. तेव्हांच नांव ठरलें.

नांवासाठीं एवढी किंमत द्यावी काय, असें कोणी विचारील. तीन जीव गेले, हें हलकें मानतां येणार नाहीं. पण त्या बोटीबरोबर ५६ माणसें बुडालीं होतीं, आणि अर्धशतक त्यांचे आप्त चुकीच्या समुद्राकडे पाहून शोक करीत होते. रिची कोहलर हा शोधक पुढें जर्मनीस जाऊन त्या आप्तांना भेटला, हा भाग आम्हांस साऱ्या साहसाहून मोठा वाटला.

येथेंच लेखकाशीं आमचा मतभेद आहे. मृतांच्या अस्थि चाळल्या असत्या तर ओळख कदाचित् लवकर पटली असती. शोधकांनीं त्यांस हात लाविला नाहीं. लेखक मात्र, ज्या क्षणांचा साक्षीदार उरला नाहीं अशा क्षणींहि, कादंबरीकाराच्या मोकळिकीनें वावरतो. बोट स्वतःच्याच उलट फिरलेल्या टॉर्पेडोनें बुडाली, या तर्काकडे पुस्तकाचा कल आहे. त्यास २००६ सालीं गॅरी जेंटाइल यानें स्वतंत्र पुस्तक लिहून विरोध केला. आणि ११ फेब्रुवारी १९४५ रोजीं तेथें हल्ला करणाऱ्या 'हॉवर्ड डी. क्रो' व 'कॉयनर' या अमेरिकन युद्धनौकांकडेहि तिच्या नाशाचें श्रेय दिलें जातें. वाद कसाहि सुटो. ज्या ठिकाणीं नायक पुराव्यासाठीं थांबले असते, तेथें लेखक थांबला नाहीं, हें खरें.

हा दोष ध्यानांत ठेवूनहि हें पुस्तक घरांतील थोरामोठ्यांनीं व तरुणांनीं वाचावें, अशीच आमची शिफारस आहे. धाडस पुष्कळांच्या अंगीं असतें. 'अजून आम्हांस ठाऊक नाहीं' असें म्हणत सहा वर्षें खोल पाण्यांत उतरत राहणें विरळा. तो धडा येथें मिळतो, आणि तो लेखकापेक्षां त्याच्या नायकांकडून अधिक मिळतो.