फुकट पीडीएफ, दुर्मीळ पुस्तक आणि एकच कलम

बदलापूरला श्याम जोशी यांनी उभ्या केलेल्या ‘ग्रंथसखा’ वाचनालयात अशी मराठी पुस्तके आणि नियतकालिके आहेत, जी विकत घ्यायची म्हटली तर आज कुठल्याही दुकानात सापडायची नाहीत. अभ्यासक लांबून येतात, वही काढून बसतात, उतरवून घेतात. पण एकच स्टेशन अलीकडे अंबरनाथला राहणाऱ्या वाचकाला त्यातलेच एखादे पान घरबसल्या फोनवर मिळू शकेल का? तंत्राचा प्रश्न कधीच सुटला आहे. अडते ते कायद्यापाशी. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ विना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याकडच्या छापील पुस्तकाची जतनासाठी डिजिटल प्रत ठेवू देते. पुस्तक भारतात विक्रीला नसेल तर ग्रंथालयाच्या वापरापुरत्या तीन प्रतीही काढता येतात. मात्र ती डिजिटल प्रत गावोगावच्या वाचकांसाठी इंटरनेटवर खुली करण्याची मुभा त्यात नाही. म्हणजे पुस्तक वाचवता येते, वाचायला देता येत नाही.

याच पट्ट्यातल्या व्हॉट्सअॅप गटांत आणि टेलिग्रामच्या चॅनेलांवर मात्र नवी कोरी पुस्तके खुशाल फिरत असतात. अशी एखादी फाइल जवळून पाहावी. पान तिरके आलेले, कडेला धरणाऱ्याचा अंगठा, शीर्षकपानावर कुठल्याशा वाचनालयाचा अर्धा कापलेला जांभळा शिक्का, मधली दोन पाने गायब. खाली मजकूर: ‘वाचनप्रेमींसाठी, पुढे पाठवा.’ पाठवणारा खरोखरच वाचनप्रेमी असतो, म्हणून तर त्याचा राग येतो. मराठी पुस्तकाची पहिली आवृत्ती पूर्वी हजार-अकराशेची निघायची, आता पुष्कळदा पाचशेवर भागते. लेखकाचे मानधन किमतीच्या दहा टक्क्यांच्या आसपास. त्या पाचशेतल्या शंभर प्रती अशा फायलींनी खाल्ल्या, तर दुसरी आवृत्ती निघत नाही आणि त्या लेखकाचे पुढचे हस्तलिखित प्रकाशकाच्या टेबलावर पडून राहते. ही चोरी आहे आणि तिला वाचनसंस्कृतीचे नाव देऊ नये. ऑगस्ट २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिकवणीच्या साहित्याच्या एका खटल्यात टेलिग्रामला चॅनेल चालवणाऱ्यांची माहिती देण्याचा आदेश दिला, तो मला योग्यच वाटतो.

खटकते ते वेगळेच. कॉपीराइट कायद्याचे कलम ६३ सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगते. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला. गेल्या आठवड्यात आलेल्या कादंबरीची फाइल फिरवणारा आणि साठ-सत्तर वर्षांत पुन्हा न छापलेले, कुणी वारसही पुढे न आलेले पुस्तक तळमळीने स्कॅन करून ठेवणारा, दोघेही याच कलमाखाली येतात.

असे का झाले, ते या विषयावरच्या जाहीर चर्चांकडे पाहिले की कळते. जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकेतल्या चाचेगिरीविरोधी ‘सोपा’ विधेयकाविरुद्ध इंग्रजी विकिपीडिया एक दिवस बंद राहिला. त्याच वर्षी जूनमध्ये आपल्याकडे आझाद मैदानावर मुखवटे घालून तरुण जमले. कारण होते ‘३’ या तमिळ चित्रपटासाठी मद्रास उच्च न्यायालयाने दिलेला आदेश. तो हाती घेऊन इंटरनेट कंपन्यांनी अख्ख्या वेबसाइट बंद करून टाकल्या होत्या. पुढे न्यायालयालाच सांगावे लागले की ठरावीक दुवे बंद करा, सगळी साइट नको. २०१६ मध्ये ‘ढिशूम’ चित्रपटाच्या वेळी मुंबई उच्च न्यायालयात न्या. गौतम पटेल यांनीही हेच धरून ठेवले: आधी दुवे तपासून दाखवा, मग बंदी मागा. २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायदा बदलला आणि चित्रपटाची चोरटी प्रत काढणाऱ्याला निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड आला. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा न काढून घेता येणारा हक्क दिला, त्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत ठामपणे उभे राहिले. ही सगळी लढाई चित्रपटाची. मराठी ग्रंथव्यवहार त्यात बोलल्याचे मला कुठे आढळत नाही. साहित्य संमेलनांच्या ठरावांत ग्रंथालयांचे अनुदान येते, सीमाप्रश्न येतो. कॉपीराइटच्या कलमावर तासभर वाद झाला, असे ऐकिवात नाही.

या मौनाची किंमत ऑगस्ट २०१७ मध्ये मोजावी लागली. दोन हिंदी चित्रपटांच्या चोरट्या प्रती रोखण्यासाठी मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने अडीच हजारांहून अधिक साइट बंद झाल्या आणि त्यांत ‘इंटरनेट आर्काइव्ह’ही सापडले. सरकारी ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’तून उतरवलेली चार लाखांहून अधिक भारतीय पुस्तके तेव्हा तिथे ठेवलेली होती, त्यांत मराठीही होती. बंदी काही दिवसांत उठली. पण दोन चित्रपटांसाठी शंभर वर्षांपूर्वीच्या मराठी पुस्तकाचा दरवाजा बंद होतो आणि आपल्याकडे कुणाच्या लक्षातही येत नाही, हे भयंकर आहे.

खुल्या पुस्तकाने काय होते, याची उदाहरणे आपल्या डोळ्यांसमोर आहेत. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे, या हिशेबाने १ जानेवारी २०११ पासून ‘श्यामची आई’ सर्वांची झाली. स्वस्त-महाग अनेक आवृत्त्या आल्या, फोनवरही आली, आणि पुस्तकाचा खप काही थांबला नाही. डॉ. आंबेडकरांचे त्यांच्या हयातीत छापलेले लेखन २०१७ मध्ये असेच खुले झाले. राज्य सरकारने वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ पासून काढलेल्या इंग्रजी खंडांच्या फायली केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात, आणि उल्हासनगर-अंबरनाथच्या वस्त्यांत त्या फोनवर वाचणारी मुले आहेत. तरीही ६ डिसेंबरला चैत्यभूमीवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर पाय ठेवायला जागा नसते. उलट या सरकारी खंडांची छपाईच रखडली, तेव्हा डिसेंबर २०२१ मध्ये ‘लोकसत्ता’च्या बातमीवरून मुंबई उच्च न्यायालयाला आपणहून दखल घ्यावी लागली. या पुस्तकांचे नुकसान फुकट फायलीने केले की दप्तरदिरंगाईने, हे वाचकाने ठरवावे.

सर्वांत बिकट अवस्था उल्हासनगरची आहे. १९४९ साली लष्करी छावण्यांच्या जागी वसलेल्या या गावात फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी आपल्याबरोबर लिहिण्या-वाचण्याची परंपरा आणली. त्या पिढीचे लेखन बहुतांश अरबी-सिंधी लिपीत आहे. आजची नातवंडे ती लिपी वाचत नाहीत. पुस्तक देवनागरीत आणायचे तर हक्कधारकाची परवानगी हवी. प्रकाशक केव्हाच मिटलेला, लेखकाचे वारस पांगलेले. मग विचारायचे कुणाला? अशा बेवारस पुस्तकांसाठी कलम ३१-अ आहे. २०१२ पासून ते छापून झालेल्या पुस्तकांनाही लागू आहे. पण आधी वर्तमानपत्रात जाहिरात द्या, मग अर्ज करा, ठरेल ती रॉयल्टी जमा करा. हा अर्ज पूर्वी कॉपीराइट मंडळाकडे जायचा, मग बौद्धिक संपदा अपिलीय मंडळाकडे गेला, ते २०२१ मध्ये बरखास्त झाल्यावर थेट न्यायालयाकडे. ऐंशी पानांच्या कवितासंग्रहासाठी कोण वकील लावणार? हीच गत अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरी किंवा विमको या काडेपेटी कारखान्याच्या काळातल्या एखाद्या कामगार कवीच्या पातळ पुस्तिकेची होईल.

प्रकाशकांनाही सूट देता येत नाही. ‘बुकगंगा’वर मराठी ई-पुस्तके आहेत, डिसेंबर २०१६ पासून किंडलवर मराठी आहे, स्टोरीटेलवर ऐकायलाही मिळते, पण पन्नास वर्षांपूर्वीची, संपलेली आवृत्ती शोधायला जा, बहुधा रिकाम्या हाताने परत याल. आवृत्ती काढायची नाही, ई-पुस्तक करायचे नाही आणि हक्क मात्र सोडायचा नाही, ही अडवणूक आहे. ‘ई साहित्य प्रतिष्ठान’ने लेखकांची रीतसर परवानगी घेऊन वर्षानुवर्षे मोफत पीडीएफ पुस्तके वाटून दाखवली. परवानगी मागितली तर लेखक देतात, एवढे तरी त्यातून सिद्ध झाले.

म्हणून मला कायद्यात दोन बदल हवेत. बाजारात असलेल्या पुस्तकाला आजचेच संरक्षण, किंबहुना जास्त चपळ. आणि ठरावीक वर्षे छपाईत नसलेल्या पुस्तकासाठी ग्रंथालयाला ते सभासदांना ऑनलाइन वाचायला देण्याची मुभा. वारस पुढे आला तर त्याचे पैसे त्याला द्यावेत. दुसरा बदल होईपर्यंत थांबायचीही गरज नाही. राज्य मराठी विकास संस्थेसारख्या सरकारी संस्थेने ‘ग्रंथसखा’सारख्या संग्रहांतून बेवारस पुस्तकांची यादी करावी, त्यांच्यासाठी कलम ३१-अ खालचा अर्ज आणि जाहिरातीचा खर्च स्वतः उचलावा. सिंधी पुस्तकांसाठी हेच राज्याच्या सिंधी साहित्य अकादमीने उल्हासनगरात करावे. अण्णा भाऊ साठे १९६९ मध्ये गेले. त्यांचे लेखन १ जानेवारी २०३० रोजी खुले होईल आणि ते छापायला दहा प्रकाशक पुढे येतील. ज्यांच्या मृत्यूचे सालच कुणाला ठाऊक नाही, त्यांची साठ वर्षे मोजायला सुरुवात कुठून करायची, याचे उत्तर आजच्या कायद्यात अर्जदारानेच न्यायालयात शोधायचे आहे.