सख्य आणि वैर : कुल तेगिनच्या शिळेवरील दोन संहिता

मंगोलियातील ओर्खोन नदीच्या खोऱ्यात इ.स. 732 मध्ये उभारलेल्या कुल तेगिनच्या स्मृतिशिळेची लिपी व्हिल्हेल्म थॉमसन यांनी 1893 मध्ये उलगडली. तेव्हापासून तिच्यात एका राष्ट्राचा आत्मोद्गार ऐकण्याची प्रथा रूढ झाली. हे वाचन अपुरे आहे, कारण ते शिळेची एक बाजू वगळते. तीन बाजूंवर मृताचा थोरला भाऊ बिल्गे कागान तुर्की भाषेत बोलतो; पश्चिमेच्या बाजूवर तांग सम्राट श्वेनझोंगचा चिनी लेख आहे. एक दुसऱ्याचा अनुवाद नव्हे. सम्राट कागानाला पुत्रवत मानतो आणि त्या नात्याने मृतालाही आपल्या वात्सल्याच्या कक्षेत घेतो. तुर्की संहिता या पितृत्वाचा उच्चारही करीत नाही.

तिचा स्वर सावधगिरीचा आहे. गोड शब्द आणि मऊ रेशीम यांना भुलून पुष्कळ तुर्क नष्ट झाले, असे कागान बजावतो. मात्र रेशीम-संपत्तीसाठी येथे योजलेला ‘अगी’ हाच शब्द अंत्यविधीच्या वर्णनात पुन्हा येतो : तांग दूताने सोन्यारुप्यासह तीच वस्तू विपुल आणली, आणि तिची नोंद गौरवाने केली आहे. स्मारक घडविण्यासाठी सम्राटाने आपले कारागीर धाडले, हेही कागान अभिमानाने सांगतो. याला विसंगती म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. वस्तुतः स्टेपच्या राजकारणाचे व्याकरणच येथे उघड होते : तीच वस्तू दान म्हणून मिळाली तर प्रतिष्ठा, आमिष म्हणून स्वीकारली तर दास्य.

सोयरिकीचेही तसेच. बार्स बेगला कागानपद दिले, धाकटी बहीण दिली. तो चुकला, मारला गेला, त्याची प्रजा दास झाली. सख्य जुळण्यापासून मोडण्यापर्यंतचा हा सारा प्रवास संहिता मोजक्या वाक्यखंडांत उरकते. चूक कोणती, हे सांगण्याची तिला गरज वाटत नाही.

प्रयाग येथील स्तंभावरील हरिषेणाच्या प्रशस्तीत समुद्रगुप्ताचे शत्रू वर्गवार मांडलेले आढळतात : काहींचे उच्छेदन, काहींना जिंकून मुक्ती, सीमावर्तींकडून करभार. (त्या स्तंभावरही अनेक शासनांचे लेख आहेत, पण त्यांच्यामध्ये शतकांचे अंतर आहे, कुल तेगिनच्या शिळेवर दोन सत्ता एकाच वेळी बोलतात.) ओर्खोनच्या संहितेत असे वर्गीकरण टिकत नाही. तोगुझ ओघुझ ही आपलीच प्रजा होती, आकाश-पृथ्वीत गोंधळ माजल्याने ती शत्रू झाली, असे कागान म्हणतो. सीमा येथे चीनच्या दिशेला तर आहेच, पण ‘आपली प्रजा’ या शब्दातूनही ती जाते. म्हणूनच संहितेचा सर्वांत कठोर आरोप सम्राटावर नाही. तुर्की पदव्या टाकून चिनी पदव्या धारण करणाऱ्या आणि पन्नास वर्षे तांगांची चाकरी करणाऱ्या स्वकीय बेगांवर तो आहे.

734 मध्ये बिल्गेवर विषप्रयोग झाला. बास्मिल, कार्लुक आणि उइगुर एकत्र आले आणि 744 मध्ये उइगुरांनी स्वतःची कागानसत्ता स्थापन केली. ते तोगुझ ओघुझांपैकीच होते.