पिंजऱ्याला बक्षीस, पोपट उपाशी : रवींद्रनाथांच्या ‘तोताकाहिनी’चे एक वाचन



बक्षिसामुळे आपले अवधान कुठे वळते, हा प्रश्न मानसशास्त्रात प्रयोगांतून अभ्यासला जातो. या टिपणात आपण तोच प्रश्न एका गोष्टीला विचारू. मी कोलकात्यात अभियंत्यांना शिकवतो. ही गोष्ट याच शहरातल्या लेखकाची आहे.

गोष्ट

रवींद्रनाथ ठाकूर यांची ‘तोताकाहिनी’ १९१८ची. पुढे ती ‘लिपिका’ (१९२२) या संग्रहात आली. त्याच काळात मायकेल सॅडलर यांच्या अध्यक्षतेखालील आयोग कलकत्ता विद्यापीठाची तपासणी करत होता. १९१७ साली नेमलेल्या या आयोगाचा अहवाल १९१९ साली आला.

एक पक्षी असतो. तो गातो, उड्या मारतो, पण त्याला शास्त्र येत नाही. राजा त्याला शिकवण्याची आज्ञा देतो आणि ते काम भाच्यांकडे सोपवतो. पंडित ठरवतात, की काड्यांच्या घरट्यात विद्या फारशी मावत नाही. आधी चांगला पिंजरा हवा. सोन्याचा पिंजरा घडतो, पोथ्यांच्या नकलांचा डोंगर उभा राहतो. पिंजऱ्यात ना दाणा, ना पाणी. पक्ष्याच्या चोचीत फक्त पोथ्यांची पाने कोंबली जातात. शेवटी तो मरतो, आणि कधी मेला हे कोणालाच कळत नाही.

घोकंपट्टीवरची टीका म्हणून ही गोष्ट सहसा वाचली जाते. ते खरेच आहे, पण अपुरे आहे. गोष्टीत पोपटाइतकीच जागा बक्षिसांनी व्यापली आहे.

बक्षिसे मोजा

पंडितांना दक्षिणा मिळते. सोनाराला थैलीभर बक्षिसी, तर लेखनिकांना बैलावर लादून न्यावे इतके पारितोषिक. भाच्याच्या गळ्यात सोन्याचा हार येतो. पंख छाटण्याच्या वेळी लोहाराचा धंदा वाढतो आणि सावध राहिल्याबद्दल कोतवालाचा मान होतो. पक्ष्याशी संबंध असलेल्या प्रत्येकाला काही ना काही मिळते. मात्र पक्ष्याने काही शिकले म्हणून कोणालाही काही मिळत नाही. म्हणजे बक्षीस पिंजरा, पोथ्या, साखळी यांना बांधलेले आहे. सगळ्यांच्या नजराही तिथेच खिळलेल्या आहेत.

यात मुद्दाम केलेला दुष्टपणा शोधू नका. राजा शिक्षण पाहायला येतो, वाद्यांच्या गजरात सगळा थाट पाहून परत निघतो, आणि पक्षी पाहायचा राहून जातो. झुडपात दडलेला निंदक आठवण करून देतो तेव्हा राजा वळतो खरा, पण शिकवण्याच्या पद्धतीपुढे पक्षी त्याला दिसेनासा होतो.

प्रयोग काय सांगतात

‘बोधनिक नियंत्रण’ म्हणजे आजूबाजूची ओढ बाजूला सारून हातातल्या कामावर मन धरून ठेवण्याची क्षमता. ती मोजण्याची एक जुनी रीत आहे. ‘लाल’ हा शब्द निळ्या शाईत छापायचा आणि फक्त शाईचा रंग विचारायचा. शब्दाचा अर्थ मध्ये येतो आणि उत्तराला उशीर होतो.

रूथ क्रेब्स आणि सहकाऱ्यांनी २०१० साली या प्रयोगात काही रंगांना पैसे जोडले. शाईचा रंग पैशाचा असला, की उत्तरे जलद आणि अधिक अचूक आली. पण ज्याकडे दुर्लक्ष करायचे त्या शब्दाचा अर्थ पैशाच्या रंगाचा असला, की अडथळा वाढला. तेच बक्षीस कामाला जोडले तर नियंत्रण घट्ट होते. बाजूच्या गोष्टीला चिकटले तर सैल पडते. ब्रायन अँडरसन आणि सहकाऱ्यांनी २०११ साली आणखी एक गोष्ट दाखवली. पूर्वी ज्या रंगाला बक्षीस होते, तो रंग बक्षीस थांबल्यावर आणि कामाशी संबंध नसतानाही नजर ओढून घेतो.

आता राजाकडे पुन्हा पाहा. त्याच्या राज्यात मोल पिंजऱ्याला होते. नजर तिकडे गेली यात नवल नाही.

गोष्ट कुठे कमी पडते

रवींद्रनाथांच्या गोष्टीत बक्षीस दिसले, की बिघाड झालाच. प्रयोग इतके एकतर्फी नाहीत, हे आत्ताच पाहिले. दुसरी उणीव मोठी आहे. इथे शिकणाऱ्यालाच बक्षीस मिळत नाही. तुमची स्थिती वेगळी आहे. तुम्हाला गुण मिळतात. त्याचे काय होते, याबद्दल गोष्ट गप्प आहे. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा १९७३चा प्रयोग इथे पुढे नेतो. आवडीने चित्रे काढणाऱ्या लहान मुलांपैकी काहींना आधीच प्रशस्तिपत्राचे आश्वासन दिले. नंतर मोकळ्या वेळात ती मुले चित्रांकडे इतरांपेक्षा कमी वळली. ज्यांना प्रशस्तिपत्र अचानक मिळाले, त्यांची आवड मात्र घटली नाही.

गोष्टीचे बळ निंदकात आहे. पक्षी त्यालाच दिसतो, आणि त्यालाच काही मिळत नाही. भाचा राजाला पटवतो, की निंदकांना खायला मिळत नाही म्हणून ते वाईट बोलतात. बक्षिसावर चालणाऱ्या राज्यात हा युक्तिवाद सहज खपतो, कारण बिनफायद्याने कोणी खरे बोलेल ही कल्पनाच तिथे उरलेली नसते.

शेवटी राजा विचारतो, पक्षी उडतो का, गातो का, भूक लागली की ओरडतो का? प्रत्येक ‘नाही’ शिक्षण पूर्ण झाल्याची खूण ठरते. प्रयोगशाळेची जर्नल आठवा. वाचने मित्राच्या वहीतून उतरवलेली, आलेख सुबक, सही झालेली, गुण पूर्ण. मापकाला हात कोणी लावला, हे त्या गुणांत कुठेच येत नाही. असा अभियंता उद्या पुलाचे माप घेणार आहे.

विचारासाठी

१. तुमच्या एका विषयात गुण नेमके कशाला बांधले आहेत, ते लिहा. त्यात ‘पक्षी’ कोणता?
२. त्या गुणांची रचना तुम्ही कशी बदलाल, म्हणजे नजर कामाकडे वळेल?
३. तुमच्या वर्गातला ‘निंदक’ कोण, आणि त्याचे शेवटचे कधी ऐकले होते?