हस्ताधारित संवाद : श्रद्धा आणि प्रमाण

डग्लस बिक्लेन यांचा ‘कम्युनिकेशन अनबाउंड’ हा निबंध १९९० मध्ये ‘हार्वर्ड एज्युकेशनल रिव्ह्यू’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि स्वमग्न व्यक्तींच्या शिक्षणाविषयीच्या चर्चेस त्याने निराळे वळण दिले. मेलबर्न येथे रोझमेरी क्रॉसली यांनी चालविलेली पद्धती हा त्याचा विषय होय. ज्यास बोलता येत नाही त्याचा हात वा मनगट साहाय्यकाने धरावे आणि त्या आधाराने त्याने एकेक अक्षर दाखवीत जावे, अशी ही रीत. तिच्या योगे, ज्यांस मतिमंद गणले गेले होते ती माणसे सफाईने वाक्ये लिहू लागली, असे बिक्लेन यांचे प्रतिपादन आहे.

वाणीचा अभाव म्हणजे बुद्धीचा अभाव नव्हे, हे या निबंधाचे मूलसूत्र न्याय्य आहे. परंतु शिक्षकाच्या वर्तनाचा नियम म्हणून ते जितके ग्राह्य, तितकेच निष्कर्षाचा पुरावा म्हणून ते अग्राह्य ठरते. उमटलेले शब्द कोणाचे, हा प्रश्न केवळ निरीक्षणाने सुटत नाही. कारण दोन हात एकाच अक्षराकडे जात असतात. कसोटी घेतल्याने परस्परविश्वास ढळतो, असे या पद्धतीचे पुरस्कर्ते म्हणतात. हे मान्य केल्यास सिद्धान्त खोटा ठरण्याची वाटच बंद होते.

वस्तुतः कसोटी अवघड नाही. १९९३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील ओ. डी. हेक केंद्रातील व्हीलर, जेकबसन आदींचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात १२ स्वमग्न व्यक्ती व ९ साहाय्यक होते. दोघांना भिन्न चित्रे दाखविली असता एकही अचूक उत्तर आले नाही. उलट साहाय्यकाने पाहिलेल्या चित्राचे नाव उमटले. यात लबाडी नव्हती. आपलाच हात शब्द घडवीत आहे, याची साहाय्यकांस जाणीवच नव्हती. अशाच शब्दांच्या आधारे अमेरिकेत आईबापांवर अत्याचाराचे आरोपही झाले. १९९४ मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने या पद्धतीस शास्त्रीय आधार नसल्याचा ठराव केला.

तथापि यावरून संवादसाधनेच त्याज्य ठरविणे हा दुसरा प्रमाद होईल. चित्रफलक, खुणा, वाणी उमटविणारी यंत्रे ही साधने वापरणारा स्वतःच्या हाताने वा दृष्टीने चालवितो. त्यांच्यामुळे उरलेसुरले बोलणेही खुंटेल, ही पालकांची भीती. मिलर, लाइट व श्लोसर यांनी २००६ मध्ये केलेल्या परामर्शात, भक्कम पुराव्याच्या २७ व्यक्तींपैकी एकाचेही बोलणे घटलेले आढळले नाही, बहुतेकांचे वाढलेच.

कसोटी म्हणजे मूक व्यक्तीविषयीचा संशय, असे बिक्लेन यांच्या पक्षास वाटते. खरे पाहता ती त्या व्यक्तीच्या हक्काचे रक्षण करते. जिच्या नावे दुसऱ्याचे शब्द उमटतात ती व्यक्ती पूर्वीपेक्षाही अधिक मूक होते. कारण आता तिचे मौनदेखील कोणास ऐकू येत नाही.