जाहिरातीच्या तक्त्यातला तिसरा रकाना

आज आपण बोलणार आहोत त्या माध्यमांविषयी, ज्यांना पाठ्यपुस्तकं 'पूरक माध्यमं' म्हणतात. रस्त्यावरचं होर्डिंग, गावातली रंगवलेली भिंत, एसटीच्या पाठीवरचा फलक, थिएटरातली स्लाइड, दुकानदारानं दिवाळीत वाटलेलं कॅलेंडर, ही सगळी त्यात येतात. 'पूरक' अशासाठी, की मुख्य काम वर्तमानपत्र आणि टीव्हीनं करायचं आणि यांनी मागून धक्का द्यायचा, असं गृहीत धरलेलं असतं.

विद्यार्थ्यांच्या नोट्समध्ये या माध्यमांचा एक तक्ता ठरलेला असतो. डावीकडे बलस्थानं: चोवीस तास दिसतं, पुन्हा पुन्हा दिसतं, माणसागणिक खर्च कमी, बंद करता येत नाही. उजवीकडे मर्यादा: मजकूर थोडाच मावतो, नेमका ग्राहक निवडता येत नाही, परिणाम मोजता येत नाही, ऊन-पावसानं खराब होतं. हा तक्ता खोटा नाही. पण तो अपुरा आहे, आणि तो अपुरेपणा किती महागात पडतो, हे आज मला सांगायचं आहे.

आधी बलस्थानं बघू, कारण ती खरी आहेत. ताशी ६० किलोमीटर वेगानं जाणारी गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर कापते. फलक शंभर मीटरवरून वाचता येत असेल, तर वाचायला जेमतेम सहा सेकंद मिळतात. म्हणून पाच-सात शब्द, एक चित्र, एक नाव. ही मर्यादा ज्यांना कळली त्यांनी तिचीच ताकद केली. अमूलचं उदाहरण घ्या. सिल्व्हेस्टर डाकुन्हा आणि चित्रकार युस्टेस फर्नांडिस यांनी १९६६ साली ती ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी मुंबईच्या रस्त्यावर आणली. पुढे ताज्या बातमीवरची कोटी हीच त्या फलकांची ओळख झाली. लोक फलक बदलायची वाट बघू लागले. आता सांगा, इथं पूरक कोण? होर्डिंगच मुख्य होतं. तेच चित्र पुढे वर्तमानपत्रांत गेलं, इंटरनेटवर गेलं.

दुसरं बळ म्हणजे जागा आणि वेळ साधणं. २०१३च्या अलाहाबाद कुंभमेळ्यात लाइफबॉयनं गरम पोळीवर शाईशिवाय ठसा उमटवला, जेवण्याआधी हात धुतलेत ना, असं विचारणारा. माणूस घास घेण्याच्या क्षणी साबणाची आठवण. टीव्हीवरची जाहिरात नेमकी त्या क्षणी समोर कशी आणणार?

आणि कॅलेंडर! 'कालनिर्णय' १९७३ साली सुरू झालं. तिथी, सण, संकष्टीची वेळ, मागच्या पानावर लेख आणि पाककृती. त्या पानांवरची जाहिरात घरात महिनाभर टांगलेली राहते, आणि ती आपणच खिळा ठोकून टांगतो. जाहिरात सहन करण्याच्या बदल्यात काहीतरी हातात पडतं, म्हणून तक्रार नसते. रंगवलेल्या भिंतीचंही थोडंफार तसंच. सिमेंटची किंवा पाइपची जाहिरात होते, घरमालकाची भिंत फुकटात रंगते, गावातल्या पेंटरला काम मिळतं. पावसाळ्यात रंग उडतो, कधी दुसरी कंपनी वरून रंगवून जाते, हे आहेच. एसटीच्या पाठीवरचा फलक तालुक्यापासून वाडीपर्यंत पोचतो, पण धुळीनं माखला की नाव वाचता येत नाही. थिएटरातली स्लाइड म्हणजे गावच्या सराफाला आणि साडीच्या दुकानाला परवडणारा पडदा होता. एकपडदा थिएटरं मिटत गेली, तशी तीही गेली.

आता मोजमापाकडे येऊ. माझ्या मते खरी गोम तिथं आहे. वर्तमानपत्रांचा खप तपासायला १९४८ पासून ऑडिट ब्यूरो ऑफ सर्क्युलेशन्स आहे. टीव्हीचे प्रेक्षक मोजायला बार्क आहे. होर्डिंगच्या धंद्यात मात्र वर्षानुवर्षं मोजल्या गेल्या त्या गाड्या. या रस्त्यावरून रोज इतकी वाहनं जातात, म्हणजे इतक्या लोकांनी जाहिरात बघितली. पण समोरून जाणं म्हणजे बघणं नव्हे. गाडीतला माणूस मोबाइलमध्ये असेल, झोपलेला असेल, पुढच्या ट्रकमुळे त्याला फलक दिसलाही नसेल.

मग जे मोजता येत नाही ते विकायचं कसं? विक्रेत्याकडे दाखवायला तीनच गोष्टी उरतात: जागा, आकार, प्रकाश. मोक्याच्या जागा मोजक्या असतात. प्रकाश एका हद्दीपर्यंतच वाढवता येतो. आकार मात्र वाढवता येतो, आणि तो फोटोत छान दिसतो. पाठ्यपुस्तकातली 'परिणाम मोजता येत नाही' ही निरुपद्रवी ओळ रस्त्यावर अशी लोखंडी होऊन उभी राहते.

१३ मे २०२४ रोजी घाटकोपरला पेट्रोलपंपाशेजारी जे होर्डिंग कोसळलं ते १२० बाय १२० फुटांचं होतं. मुंबई महापालिकेची मर्यादा ४० बाय ४०. बाजू तिप्पट म्हणजे क्षेत्रफळ नऊपट, आणि वाऱ्याचा जोर क्षेत्रफळावर पडतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो, हेही लक्षात घ्या. त्या वादळात १७ माणसं गेली. जागा रेल्वे पोलिसांच्या ताब्यातली, त्यामुळे परवानगी कोणाची लागते यावर यंत्रणांमध्ये वाद झाला. हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. ५ ऑक्टोबर २०१८ला पुण्यात जुन्या बाजाराजवळच्या चौकात होर्डिंगचा सांगाडा वाहनांवर कोसळून चार जण गेले. १७ एप्रिल २०२३ला पिंपरी-चिंचवडमध्ये किवळे इथं पावसात आडोशाला थांबलेल्या पाच जणांचा जीव गेला.

यातल्या कोणी ती जाहिरात मागितली होती का? इथं तक्त्यातला तिसरा रकाना लागतो. पहिले दोन्ही रकाने जाहिरातदाराच्या नफ्या-तोट्याचे आहेत. ज्याच्या नजरेवर हा सगळा धंदा चालतो त्याचा रकाना कुठेच नाही. 'बंद करता येत नाही' हे जाहिरातदाराचं बलस्थान, पण नागरिकाच्या बाजूनं ती सक्ती आहे. वर्तमानपत्र मिटता येतं, टीव्हीचं चॅनल बदलता येतं. रस्ता मिटता येत नाही. आणि ती नजर विकून आलेलं भाडं जागामालकाला, फी सरकारी खात्याला. चालणाऱ्याच्या वाट्याला काय? अमूल निदान हसू देतं, कॅलेंडर तिथी सांगतं.

(श्रोत्यांतून प्रश्न: मग सरसकट बंदीच का घालू नये?)

चांगला प्रश्न. ब्राझीलमधल्या साओ पाउलोनं ते केलंय. २००६ साली कायदा झाला, २००७च्या सुरुवातीपासून लागू झाला. हजारो फलक उतरले. जाहिरातीआड झाकलेल्या इमारती आणि गरीब वस्त्या लोकांना दिसू लागल्या. पुढे बसथांब्यांवर आणि रस्त्यावरच्या घड्याळांवर मर्यादित जाहिराती परत आल्या, पण त्या बदल्यात थांबे आणि घड्याळं सांभाळायची जबाबदारी कंपन्यांवर टाकली. मला बंदीपेक्षा ही दुसरी पायरी जास्त शिकण्यासारखी वाटते. सरसकट बंदीत मोठी कंपनी टीव्हीकडे जाईल, मोबाइलकडे जाईल. कोपऱ्यावरच्या क्लासवाल्यानं आणि खानावळवाल्यानं कुठं जायचं? त्यांना तर हीच माध्यमं परवडतात.

म्हणून मी तीन गोष्टी मागेन. जमीन कोणाचीही असो, रेल्वेची, पोलिसांची की खासगी, आकाराचा नियम आणि परवानगी एकाच यंत्रणेकडे हवी. परवाना क्रमांक आणि सांगाडा शेवटचा कधी तपासला ती तारीख फलकावरच हवी, खालून जाणाऱ्याला वाचता येईल एवढ्या अक्षरांत. आणि फीचा ठरलेला हिस्सा त्याच रस्त्याच्या पदपथावर खर्च व्हावा.

चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सनाही हेच लागू. त्यासाठी नव्या कायद्याची वाट बघायलाही नको, मालमत्तेचं विद्रूपीकरण रोखणारा कायदा महाराष्ट्रात १९९५ पासून आहे. तुमच्यापैकी जे उद्या एजन्सीत नोकरीला लागतील त्यांनी साइट बुक करताना दराच्या आधी तो तपासणीचा कागद मागावा. क्लायंट विचारणार नाही. तुम्ही विचारा.