मालकी सागाची मोजणी

नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा तालुक्यात उंबरठाण, बाऱ्ह्याकडे नागली-वरईच्या शेतांत, बांधाबांधावर साग उभे दिसतात. ही झाडं सरकारी जंगलातली नव्हेत. सातबारा ज्याच्या नावे, त्याची. मात्र आदिवासी शेतकऱ्याला ती परस्पर व्यापाऱ्याला विकता येत नाहीत. कवडीमोलानं साग उचलणाऱ्यांना आवर घालण्यासाठी 1969 मध्ये खास कायदा झाला. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, झाडांचं मूल्यांकन वनखातं करतं. अशा ‘मालकी प्रकरणा’त वनपाल करतो ती मोजणी मला खात्यातली सर्वांत देखणी कारागिरी वाटते.

टेप बाहेर निघण्याआधी हद्द पाहिली जाते. शेत राखीव जंगलाला खेटून असेल, तर चार पावलांच्या फरकानं झाडाचा धनी बदलतो. म्हणून जाणता वनपाल नकाशा हातात धरून आधी बांध चालतो.

मग गोलाई. ती छातीच्या उंचीवर, जमिनीपासून 1.37 मीटरवर घ्यायची, हे पुस्तकात आहे. पण सुरगाण्याची जमीन सपाट कुठली? उतारावर ही उंची झाडाच्या वरच्या अंगानं धरतात. तिथं खोडाला गाठ असेल तर टेप गाठ टाळून बसवतात. खोड छातीच्या उंचीखालीच दुभंगलं असेल तर दोन झाडं लिहितात. वेल आणि सुटी साल आधी काढतात. टेप आडवा, ताठ, एका दमात बसतो, तेव्हा त्या हाताला दाद द्यावीशी वाटते.

खरी नजाकत शिक्क्याच्या हातोड्यात आहे. साल तासून शिक्का दोन ठिकाणी उमटवतात: एक छातीच्या उंचीवर, दुसरा अगदी बुडाशी, कापणीच्या रेषेखाली. पहिला लाकडाबरोबर जातो, दुसरा खुंटावर राहतो. त्यामुळे झाड गेल्यावरही मोजणी यादी पडताळता येते. एका जादा ठोक्यात केवढा विचार!

कापणीही निगुतीची. खुंट जमिनीलगत, गुळगुळीत, किंचित तिरका हवा. पाणी साचत नाही, साल फाटत नाही आणि पावसाळ्यात जोमदार फुटवा येतो. सागाच्या या गुणामुळे मालकाला पुढचं झाड लावणीशिवाय मिळतं.

हे हात तयार होतात पायांपासून. वनपालपदाची वाट बहुधा वनरक्षकापासून निघते आणि त्या भरतीत 4 तासांत पुरुषांना 25, महिलांना 16 किलोमीटर चालावं लागतं. पुढं वर्षानुवर्षांच्या गस्तीत नजर मुरते.

लाकूड आडवं झालं की जुनी चौथाई गोलाईची रीत. मधल्या गोलाईचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. गोलाई 1.2 आणि लांबी 4 मीटर असेल, तर 0.36 घनमीटर. खरं घनफळ 0.46च्या आसपास, चिराईत जाणारं लाकूड या रीतीत आधीच वजा होतं. मालकाला मात्र हा फरक कळलेला असतोच असं नाही. म्हणून सही घेण्याआधी ओंडक्यावर टेप धरून, इथल्या आदिवासी कोकणी बोलीत, आकडान्‌आकडा मालकाकडून वदवून घेणारा वनपाल मला या कामातला सर्वांत निष्णात वाटतो.