कागदावरचे पाणी

नळयोजनांच्या गणितासाठी जगभर वापरली जाणारी 'ईपॅनेट' ही संगणकप्रणाली अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९३ मध्ये विनामूल्य उपलब्ध केली. तिची उपयुक्तता आम्हाला मान्य आहे. आक्षेप आहे तो तिच्या गृहीतकावर. प्रत्येक घराला हवे तेवढे पाणी मिळतेच असे आधी धरायचे आणि मग दाब काढायचा, ही तिची रीत. दाब पुरेसा असेल तेथे ती चालते. उंचावरच्या वस्तीत मात्र उत्तर ऋण दाबाचे येते, आणि तरीही पाणी पूर्ण पोहोचल्याचे दिसते!

प्रत्यक्षात तोटीचा प्रवाह दाबाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असतो. बुडाशी भोक असलेल्या डब्यात पाण्याची उंची ४० सेंटिमीटरऐवजी १० ठेवा. धार निम्मी होते. विद्यार्थ्यांनी हे मोजून पाहावे.

दाब अपुरा असताना कोठे किती पाणी मिळेल, हे काढण्याची पद्धत नागपूरचे प्रा. प्रमोद भावे यांनी १९८१ मध्येच मांडली होती. ईपॅनेटमध्ये दाबानुसार पुरवठा काढण्याची सोय आली ती २०२० च्या २.२ आवृत्तीत. तीही मुद्दाम निवडावी लागते. न निवडल्यास जुनेच गृहीतक लागू होते. मग टोकाच्या घराची कोरडी घागर अहवालात भरलेलीच राहते.